गिरणी सुटली, कॅमेरा फिरला!

१९९४ सालची गोष्ट. इंग्लंडच्या उत्तर भागातील ब्लॅकबर्न या गावात, नॉर्थगेट नावाच्या रस्त्यावर एका जुन्या दुकानाची मोडतोड चालू होती. कामगार तळघरात उतरले. तिथे धुळीत तीन मोठे धातूचे ड्रम उभे. आकार दूधवाल्यांकडच्या कॅनसारखा. झाकणे उघडली तर आत दूध नव्हते आणि सोन्याच्या मोहराही नव्हत्या. आत होत्या फिल्मच्या छोट्या छोट्या गुंडाळ्या. एक नाही, दोन नाही, तब्बल आठशेच्या आसपास!

जुन्या इमारतीच्या तळघरातले सामान म्हणजे भंगार. ते कचऱ्याच्या गाडीत टाकायचे आणि मोकळे व्हायचे, हा सगळ्या जगातला रिवाज. पण त्या दिवशी तसे झाले नाही. गावातल्याच एका गृहस्थामार्फत ते ड्रम पीटर वर्डन यांच्यापर्यंत पोचले. वर्डन यांचा व्यवसाय चष्म्यांचा आणि छंद गावाच्या जुन्या इतिहासाचा. त्यांनी एक गुंडाळी उजेडासमोर धरली मात्र, आणि हे काय घबाड आहे ते त्यांच्या लक्षात आले. ऐंशी-नव्वद वर्षे कोणीही न पाहिलेली माणसे त्या पट्टीवर उभी होती. काही हसत होती, काही टोप्या हलवत होती.

आजचा लेख त्या माणसांविषयी आणि त्यांची चित्रे घेणाऱ्या दोन उद्योगी दुकानदारांविषयी. आणि वाचकहो, या गोष्टीत आपलेही एक टोक गुंतलेले आहे. ते पुढे येईलच.

दोन दुकानदार, एक कॅमेरा

सागर मिचेल आणि जेम्स केन्यन ही त्या दुकानदारांची नावे. 'सागर' वाचून दचकू नका. हा आपल्याकडचा सागर नव्हे. लँकेशायर परगण्यात ते जुने आडनाव आहे. मिचेल यांचा जन्म १८६६ चा. कॅमेरे आणि फोटोचे सामान बनवणे-विकणे हा त्यांचा धंदा. केन्यन त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठे. ते फर्निचर विकत, आणि फटीतून एक पेनी टाकली की गंमत दाखवणारी जत्रेतली यंत्रेही बनवत. एकाला यंत्र कळत होते, दुसऱ्याला जत्रा कळत होती. भागीदारी जमायला आणखी काय लागते?

१८९५ साली फ्रान्समध्ये ल्युमिएर बंधूंनी हलत्या चित्रांचा पहिला खेळ केला. १८९६ च्या ७ जुलैला तोच खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. आणि १८९७ साली मिचेल आणि केन्यन यांनी ब्लॅकबर्नमध्ये आपली कंपनी काढली. शनिवारचा बाजार भरला असताना त्यांनी चित्रीकरण केले आणि ते गावातल्याच लोकांना दाखवले. लंडन तिथून तीनशे किलोमीटरहून दूर. पण सिनेमा काढायला लंडनला जायला हवे, असे या दोघांना एकदाही वाटले नाही.

त्या काळी सिनेमाची थिएटरे नव्हती. सिनेमा दाखवला जाई जत्रेतल्या तंबूत किंवा भाड्याने घेतलेल्या गावच्या सभागृहात. आपल्याकडे पुढे गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा आला, त्याच जातीचा हा प्रकार. खेळवाले या गावाहून त्या गावाला फिरत. त्यांना रोज नवे काही तरी हवे असे. मिचेल आणि केन्यन यांनी त्यांची ही गरज बरोबर ओळखली.

चेहरा तितके तिकीट!

युक्ती अगदी साधी होती. खेळवाला गावात तंबू ठोकायचा आणि मिचेल-केन्यनना बोलावणे धाडायचा. गिरणीची जेवणाची सुट्टी व्हायची वेळ झाली की कॅमेरा तिवईवर चढवून फाटकासमोर उभा करायचा. भोंगा झाला, फाटक उघडले, माणसांचा लोंढा बाहेर पडला की हाताने दांडा फिरवायला सुरुवात. मिनिट, दोन मिनिटे, फार तर तीन. फिल्म संपली, काम संपले. मग ती धुवायची, छापायची आणि त्याच रात्री किंवा एक-दोन दिवसांत पडद्यावर लावायची.

आणि जाहिरात काय? 'या आणि स्वतःला पडद्यावर पाहा!'

सांगा, कोण घरी बसेल? एखाद्या गिरणीत पाचशे माणसे असली तर ती पाचशे येणार. त्यांची बायका-पोरे येणार. शेजारी येणार. 'आमचा जॉन दिसला का?' म्हणून आजीबाईही येणार. म्हणजे एका फिल्ममध्ये जितके चेहरे जास्त, तितका गल्ला जास्त. त्यामुळे या फिल्ममध्ये एक गमतीची गोष्ट वारंवार दिसते. गर्दीत मध्येच एखादा ऐटबाज कपड्यांतला माणूस उभा असतो आणि हातवारे करून लोकांना कॅमेऱ्यासमोरून जायला सांगत असतो. तो खेळवाला! एकही चेहरा वाया जाऊ नये म्हणून त्याची धडपड चाललेली असते. अशांपैकी ए. डी. थॉमस हा मोठा वल्ली होता. अमेरिकेतल्या सुप्रसिद्ध संशोधकाशी काडीचे नाते नसताना त्याने आपल्या कंपनीला 'एडिसन-थॉमस' असे नाव देऊन टाकले होते!

आणि पोरे? ती तर जगात सगळीकडे सारखीच. एकदा कॅमेऱ्यासमोरून गेली की मागून वळसा घालून पुन्हा पुढे. एकाच फिल्ममध्ये तोच टोपीवाला मुलगा तीन-तीनदा दिसतो. कोणी जीभ काढून दाखवतो, कोणी मित्राला ढकलतो. आज लग्नाच्या व्हिडिओत मागे उभे राहून हात हलवणारी जी मंडळी असतात ना, त्यांचे हे पणजोबा समजा.

डोक्यावर शाल, पायात लाकडी बूट

पण नुसती गंमत म्हणून या फिल्म पाहणे बरोबर नाही. जरा थांबून, निरखून पाहिले की त्यात एक सबंध जग दिसते.

बायकांच्या डोक्यावरून शाली घेतलेल्या. पायात लाकडी तळाचे बूट. दगडी फरसबंदीवर त्या बुटांचा खडखडाट होत असणार. पण फिल्म मुकी आहे, त्यामुळे तो आपल्याला ऐकू येत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत. विणकामात पुरुषांना आणि बायकांना नगावर सारखाच दर मिळे. १९०० साली ही काही छोटी गोष्ट नव्हती. मागांचा आवाज इतका प्रचंड असे की विणकर बायका ओठांच्या मोठ्या हालचाली करून, हातवारे करून एकमेकींशी बोलत. या भाषेला तिकडे 'मी-मॉ' असे नावच होते. आज मुकी फिल्म पाहताना वाटते, त्या बायकांपैकी कोणी असती तर पडद्यावरचे ओठ पाहून सगळे संभाषण घडाघडा सांगितले असते!

गर्दीत मुलेही दिसतात. पाहुणी म्हणून आलेली नव्हेत. कामावरून सुटलेली. त्या काळी इंग्लंडमध्ये बारा वर्षांच्या मुलाने अर्धा दिवस गिरणीत आणि अर्धा दिवस शाळेत घालवणे कायद्याने चालत असे. ही पद्धत पूर्ण बंद व्हायला पहिले महायुद्ध उलटावे लागले. सकाळी सहाला गिरणीत जाणारे पोर दुपारी शाळेच्या बाकावर काय शिकत असेल, याचा विचार केला की त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहताना मन जरा चरकते. तरीही ती हसत आहेत, हेही खरे.

गिरण्यांखेरीज या दोघांनी काय टिपले नाही? न्यूकॅसलजवळच्या आर्मस्ट्राँग कारखान्यात आत शिरणारा कामगारांचा महासागर. ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्स इथल्या विजेच्या ट्रामच्या पुढच्या टोकावरून टिपलेले रस्ते. लिव्हरपूलच्या धक्क्यावर लागलेली बोट. नॉर्थ शील्ड्सचा मासळीबाजार. मोरकॅमच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेली कुटुंबे. ईस्टरला प्रेस्टनच्या टेकडीवरून अंडी गडगडत सोडणारी मुले. स्कॉटलंडमधल्या डंडी गावी गिलरॉय यांच्या ताग गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बायका-मुली. तो ताग आपल्या बंगालमधून जाई, हे ध्यानात ठेवा.

फुटबॉलच्या चाहत्यांसाठी तर हा खजिनाच. आज मँचेस्टर युनायटेडचे नाव आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्या क्लबच्या सामन्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी फिल्म याच दोघांनी १९०२ च्या डिसेंबरात बर्नली इथे घेतली. शेफील्डच्या सामन्यात विल्यम फोक नावाचा अगडबंब गोलकीपर दिसतो. पण यातही कॅमेरा निम्मा वेळ प्रेक्षकांकडेच वळलेला. कारण उघड आहे. खेळाडू बावीस, प्रेक्षक हजारो. तिकीट कोण काढणार?

थ्रो की बॉल?

क्रिकेटवेड्या वाचकांसाठी एक खास किस्सा.

आर्थर मोल्ड हा लँकेशायरचा वेगवान गोलंदाज. शेकडो बळी नावावर. पण तो हात वाकवून चेंडू फेकतो, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चाललेली. १९०१ च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सॉमरसेटविरुद्ध सामना होता. अंपायर होते जिम फिलिप्स. त्यांनी दहा षटकांत मोल्डला सोळा वेळा नो-बॉल दिला! मैदानावर एकच गोंधळ उडाला. घरच्या प्रेक्षकांनी अंपायरच्या नावाने शंख केला.

मग मिचेल आणि केन्यन कॅमेरा घेऊन हजर झाले. ओल्ड ट्रॅफर्डवर मोल्डला गोलंदाजी करायला लावली. समोर बॅट घेऊन उभे राहिले ए. एन. हॉर्नबी. हे इंग्लंडचे माजी कप्तान, लँकेशायर क्लबचे अध्यक्ष, आणि ब्लॅकबर्नच्याच एका गिरणीमालकाच्या घराण्यातले. 'हात वाकतो की नाही, तुम्हीच पाहा' असा सगळा थाट. गोलंदाजाच्या हातावर कॅमेरा रोखून वादाचा निकाल लावण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न असावा. पुढे १९९५ मध्ये मेलबर्नला मुरलीधरनला नो-बॉल दिल्यावर जगभर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले गेले. त्याच्या चौऱ्याण्णव वर्षे आधी हे घडले!

निकाल काय लागला? त्या काळच्या फिल्मवरून ठामपणे काही सांगणे अवघडच. कॅमेरा होता, पण मोल्डची कारकीर्द काही वाचली नाही. तो मोसम संपला आणि त्याचे क्रिकेटही संपले.

लढाई आफ्रिकेत, शूटिंग घरामागे

आता थोडी लबाडीही सांगायला हवी. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होते. लोकांना युद्धाची चित्रे हवी होती. तिकडे जाणार कोण? मिचेल-केन्यन यांनी ब्लॅकबर्नच्या आसपासच्या माळावर गावातल्याच माणसांना गणवेश चढवले, बंदुकांचा धूर काढला आणि युद्ध लढून टाकले! १८९९ मध्येच त्यांनी एक 'रेड इंडियन' लोकांच्या हल्ल्याची छोटी फिल्मही केली होती. घोडे आणि बंदुकांच्या 'वेस्टर्न' चित्रपटांचा मूळपुरुष म्हणून काही जाणकार तिच्याकडे बोट दाखवतात. म्हणजे हॉलिवुडच्या काऊबॉयचा जन्म कुठला, तर लँकेशायरचा!

१९०१ च्या डिसेंबरात लिव्हरपूलमध्ये बँकेच्या एका कारकुनाला अफरातफरीबद्दल अटक झाली. गौडी हे त्याचे आडनाव. सगळ्या शहरात त्याचीच चर्चा. आमच्या दुकानदारांनी अटक जिथे झाली त्याच भागात जाऊन तो प्रसंग नटांकडून करवून घेतला आणि काही दिवसांत तो लिव्हरपूलमध्येच पडद्यावर झळकला. आज टीव्हीवर गुन्ह्यांचे 'नाट्यरूपांतर' दाखवणाऱ्या मालिकांचा सुळसुळाट आहे. त्यांचेही मूळ इथेच सापडते.

विनोदात १९०३ ची 'डायव्हिंग ल्युसी' पुष्कळ गाजली. बागेतल्या तळ्यातून एका बाईचे पाय वर आलेले. 'बुडाली, बुडाली!' अशी हाकाटी. फळी टाकून तिच्यावरून पोलीस निघतो, पाय धरतो... आणि ते पाय नुसतेच पाय निघतात! पुढचे सांगायला नको. ही फिल्म अमेरिकेतही विकली गेली.

धोतराचे दुसरे टोक

आता सुरुवातीला म्हटले होते ते आपले टोक.

ब्लॅकबर्नच्या गिरण्यांतून रोज इतके कापड निघे, ते नेसत कोण होते? ब्लॅकबर्नचे लोक नव्हे. ते आपण नेसत होतो! लँकेशायरमधल्या एकेका गावाने एकेक माल वाटून घेतला होता. ब्लॅकबर्न आणि आसपासच्या गावांचा हातखंडा होता हिंदुस्थानच्या बाजारासाठी लागणाऱ्या साध्या कापडात. त्यातही मुख्य माल म्हणजे धोतर! तिकडचे विणकर त्याला आपल्या उच्चारात 'धूटी' म्हणत. धोतर कसे नेसतात हे ज्यांनी जन्मात पाहिले नाही, अशा बायका दिवसभर मागावर उभ्या राहून धोतरांचे काठ विणत होत्या. ती गासड्यांत बांधून लिव्हरपूलहून बोटीत चढत आणि मुंबईच्या गोदीत उतरत.

म्हणजे त्या फिल्ममध्ये शाल सावरत फाटकाबाहेर येणारी एखादी मुलगी ज्या मागावरून उठून आली, त्या मागावरची धोतरजोडी काही महिन्यांनी साताऱ्या-सोलापूरच्या एखाद्या घरात लग्नाच्या आहेरात आलेलीही असू शकेल! आपल्या पणजोबांच्या जुन्या फोटोतले धोतर कुठून आले असेल, याचा विचार आपण कधी केला आहे?

या धंद्याची दुसरी बाजू कडू होती. विलायती कापड स्वस्त आले आणि आपल्या हातमागाचे कंबरडे मोडले. मिचेल-केन्यन कॅमेरा घेऊन गिरण्यांपुढे उभे होते त्याच काळात, १९०५ साली, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली. स्वदेशीची चळवळ सुरू झाली. पुढे १९३० च्या बहिष्काराने आणि जगभरच्या मंदीने लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. हजारो विणकर घरी बसले.

१९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेन गावी मुक्कामाला राहिले. ज्यांच्यामुळे आपली रोजी गेली त्या माणसाला हे कामगार काय करतील, अशी अनेकांना धास्ती होती. घडले उलटेच. गिरणीच्या बायकांनी गांधीजींना गराडा घालून जयजयकार केला. त्यांचा तो फोटो जगप्रसिद्ध आहे. गांधीजींनीही त्यांना आडपडदा न ठेवता सांगितले की तुमच्याकडे तीस लाख माणसे बेकार आहेत, हे दुःख मोठेच. पण आमच्याकडे तीस कोटी माणसे वर्षाचे सहा महिने बेकार असतात. बायकांना ते पटले असेल-नसेल, पण त्यांनी ते ऐकून घेतले. पोट हातावर असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पोटाची भाषा कळते, एवढे खरे.

हिशेब करून पाहा. १९०१ च्या फिल्ममधली बारा वर्षांची मुलगी १९३१ मध्ये बेचाळीस वर्षांची झाली असेल. फोटोतल्या बायकांत तशी कोणी असेलही.

आणि त्या पोरांचे काय झाले?

हा प्रश्न जास्त अवघड आहे. १९०० ते १९०५ या वर्षांत कॅमेऱ्यासमोर उड्या मारणारी पोरे १९१४ साली वीस-पंचवीस वर्षांची झाली होती. ऐन लढाईच्या वयाची. लँकेशायरमध्ये एकेका गावची, एकेका गल्लीची पोरे एकाच पलटणीत भरती झाली. ब्लॅकबर्नच्या शेजारचे गाव ॲक्रिंग्टन. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत तिथल्या पलटणीचे सुमारे ७०० जवान खंदकातून बाहेर पडले. काही वेळातच त्यांच्यातले ५८० हून अधिक जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. गावातल्या कोणत्या घराचे दार वाजवायचे आणि कोणते नाही, असा प्रश्नच उरला नसेल.

हे ठाऊक असल्यावर टोपी उडवणाऱ्या त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहा. त्याला काहीच ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. अवघ्या दोन मिनिटांची फिल्म. पण ती पाहून उठायला वेळ लागतो.

मिचेल आणि केन्यन यांचे फिल्म काढणे १९१३ च्या सुमारास थांबले. गावोगावी पक्की थिएटरे उभी राहिली होती. लोकांना आता लांबलचक गोष्टींचे चित्रपट हवे होते. बातमीपटांच्या मोठ्या कंपन्या आल्या. 'स्वतःला पाहा' याची नवलाई संपली. जत्रेतले खेळवाले पांगले. केन्यन १९२५ मध्ये वारले, मिचेल १९५२ मध्ये. मात्र जुन्या निगेटिव्ह फेकून न देता त्या ड्रममध्ये नीट भरून, झाकण लावून तळघरात ठेवलेल्या होत्या. ते तळघर थंड होते, हे आपले नशीब.

फ्रीजरमध्ये इतिहास

नशीब अशासाठी की त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊच. चटकन पेट घेतो, आणि एकदा पेटला की पाण्यानेही विझत नाही. पेटला नाही तरी हळूहळू सडतो. आधी चिकट होतो, मग त्याची भुकटी होते. पीटर वर्डन यांना हे माहीत होते. म्हणून त्यांनी त्या गुंडाळ्या चक्क एका मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या! लोक ज्यात मटार आणि मासे ठेवतात, त्यात या गृहस्थांनी ब्लॅकबर्नचा इतिहास ठेवला.

२००० साली त्यांनी हा सगळा संग्रह ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या हवाली केला. तिथल्या तंत्रज्ञांनी काही वर्षे खपून एकेक फूट फिल्म साफ केली, जोडली, नव्याने छापली. सगळी मिळून जवळजवळ अठ्ठावीस तासांची चित्रे! शेफील्ड विद्यापीठातल्या जत्रा-संग्रहाच्या अभ्यासक व्हनेसा टूल्मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे किचकट काम हाती घेतले. हे गाव कोणते? ही गिरणी कोणाची? तारीख काय? दुकानाची पाटी, ट्रामवरचा फलक, भिंतीवरची जाहिरात, जुन्या वर्तमानपत्रातली खेळाची चौकट अशा धाग्यांवरून त्यांनी एकेक फिल्म ओळखली. २००५ मध्ये बीबीसीने या फिल्मवर तीन भागांची मालिका दाखवली आणि सबंध देश टीव्हीपुढे बसला. २०११ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनसाठीच्या 'जागतिक स्मृती' यादीत या संग्रहाची नोंद झाली.

राजे-महाराजांच्या फिल्म कोणीही जपतो. पण ही फिल्म कोणाची? डबा हातात घेऊन जेवायला निघालेल्या माणसांची. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. गाव सापडले, गिरणी सापडली, तारीखही सापडली. नाव मात्र सापडत नाही.

आपल्या घरातले ड्रम

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडेही याच काळात एक उद्योगी माणूस होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. मुंबईत फोटोचा धंदा करणारा हा मराठी माणूस. त्याने इंग्लंडहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचीही फिल्म घेतली. म्हणजे मिचेल आणि केन्यन तिकडे जे करत होते, तेच सावेदादा इकडे करत होते. पण त्या फिल्म आज पाहायला मिळत नाहीत. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. पी. के. नायर यांनी देशभर वणवण करून जे वाचवले ते वाचले. त्यातलीही नायट्रेटची पुष्कळ रिळे २००३ च्या आगीत गेली.

सावेदादांच्या कुस्तीला त्या दिवशी कोण कोण जमले होते? मुंबईच्या गिरण्यांतून १९०१ साली बाहेर पडणाऱ्या आपल्या माणसांच्या चेहऱ्यावर काय होते? गिरणगावचा भोंगा आता वाजत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. चेहरे कुठे शोधायचे?

फार लांब जायला नको. आपल्याच घरात माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात जुने फोटो असतील. १९८०-९० च्या सुमारास काढलेल्या लग्नाच्या, मुंजीच्या व्हिडिओ कॅसेट असतील. कॅसेट चालवायचे यंत्र बिघडून कधीच भंगारात गेले, म्हणून त्या तशाच पडून आहेत. कॅसेटची फीत नायट्रेटसारखी पेटत नाही हे खरे. पण दमट हवेत तिला बुरशी लागते आणि चित्र हळूहळू विरत जाते. अजून शहरांतून अशा कॅसेटवरची चित्रे संगणकात उतरवून देणारे आहेत. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत थांबू नका. साफसफाईतच या गोष्टी फेकल्या जातात!

आणि आणखी एक करा. याला पैसे पडत नाहीत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ ते फोटो घेऊन बसा. आजी असेल, मोठे काका असतील, आत्या असेल. 'ही कोण? हा कुणाचा मुलगा? हे घर कुठले?' असे विचारा आणि मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहून ठेवा. नाव, गाव, साल. एवढेच. आजी सांगता सांगता आणखी चार गोष्टी सांगेल, त्या फुकट मिळतील.

ब्लॅकबर्नच्या त्या विणकर मुलीला तंत्रज्ञांनी ऐंशी-नव्वद वर्षांच्या अंधारातून परत आणले, स्वच्छ केले, तिची चाल नीट केली. एवढ्या मोठ्या संस्थांनाही तिचे नाव मात्र परत मिळवता आले नाही. तुमच्या पेटीतल्या माणसांची नावे अजून कोणाला तरी आठवत आहेत. तेवढी या रविवारी विचारून घ्या.